तोबरा

सारंगखेड्याच्या यात्रेत माझी गाडी
दरवर्षी त्याच बाभळीखाली लागते.
जुनी चारशे सात,
सावद्याच्या एका केळीवाल्याकडून घेतलेली.
हौद्याच्या फळ्यांवर चिकाचे काळे डाग,
चार वेळा घासले. आता घासत नाही.
तिथेच खाट, ऐरण, नालांची पोती,
आणि फाळक्याला टेकून
बॅटरीवरची सायकल.

गुडघा गेला तेव्हापासून तंबूतंबूत तीच नेते मला.
यूनुसभाई, पुढचा डावा सैल झालाय,
यूनुसभाई, खिळा खोल गेला, घोडी टेकत नाही.

तिन्हीसांजेला घोड्यांच्या तोंडाला तोबरे चढतात
तेव्हा मीही सायकलीच्या पोटात पिन खोचतो.
चार्जरचा तांबडा दिवा लागतो,
धुळीत, शेणाच्या धुरात
कुणीतरी एकच डोळा उघडावा तसा.

शिरपूरकडचे दगाआबा उकिडवे बसून बघत होते.
"हाई घोडं कितलं खास रे भो?"
मी म्हटलं, पाच तास खातं, लीद टाकत नाही.
ते हसले नाहीत.
आजारी जनावराचा कान चाचपावा
तसा त्यांनी चार्जर चाचपला.
"तपेल शे," म्हणाले, आणि उठून गेले.

अश्फाक, माझा भाचा, धुळ्याला आयटीआय शिकला,
वायरी सगळ्या त्याच्या हातच्या.
मामू, सीटमागची बॅटरी घराची,
बॉनेटखालची गाडीची.
दोघींना एका ताटात जेवू घालू नका.
सायकल चारायची तर गाडी पळताना,
नाहीतर दुपारी, टपावर ऊन असताना.
रात्री राहू दे उपाशी.

पण दुसऱ्या दिवशी मोठा बाजार,
आणि थंडी अशी की ऐरणीला हात चिकटावा.
दहा वाजता इन्व्हर्टर पिकपिकू लागला:
घरची बॅटरी संपली.
मी चिमटे काढले,
बॉनेट उघडलं,
आणि लावले तिथे.
एक रात्र. काय होतंय.

सकाळी चावी फिरवली.
टक.
पुन्हा फिरवली. टक.
तिकडे भोंगा ओरडतोय, शर्यतीसाठी मैदान मोकळं करा,
इकडे सायकलीवर हिरवा दिवा,
पोट भरलेल्या पोरासारखी ती निवांत.

अकरा लाखांच्या घोड्याचा मालक
दुसरीकडे बघत मिशी विंचरू लागला.
दगाआबा आले, काही बोलले नाहीत.
त्यांची टांग्याची चिमी,
आदल्याच दिवशी मी चारही नाल ठोकलेली,
तिला पुढच्या हुकाला दोरानं जोडली.
मागे आठ-दहा जण, खाली नदीकडचा उतार.
मी दुसऱ्या गिअरवर, क्लच दाबून,
काचेतून फक्त तिची पाठ दिसत होती
आणि मातीत रुतणारे माझे नाल.

क्लच सोडला.
गाडी शिंकली, काळा धूर, मग धडधड.
चिमीनं कान मागे टाकले, एवढंच.

मी नालांचे पैसे परत करायला गेलो,
आबांनी हात झटकला,
सायकलीकडे बोट केलं.
धोतराचा काष्टा घट्ट खोचला, टांग टाकली,
हँडल लगामासारखं छातीशी ओढून धरलं.
बाभळीला तीन फेऱ्या मारल्या,
प्रत्येक वळणावर म्हणत,
हो, हो, हळू.

गाडी मी तासभर बंद केली नाही.