उसना हात

उद्यमबागेत प्रेसनं उजवा हात नेला
तेव्हा मी ओरडलो नाही म्हणे.
आधी विचारलं, अंगठी कुठाय?
हे चंबण्णानं सांगितलं नंतर,
त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही.

त्या हाताची एक गोष्ट मात्र चंबण्णाला ठाऊक नाही.
लोंढ्याहून येताना, गुंजीला एक सिद्दी चढला,
शेजारी बसला. कुरळ्या केसांत लाकडाचा भुसा.
आणि माझी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर गेली.
मी नेली नाही.
मनात काही नव्हतं, देवाशप्पत.
हातानं नेली.
तो समोरच्या सीटवरचं फाटकं रेक्झिन बघत राहिला,
खानापूर येईपर्यंत तेवढंच.

शिबिरात माप दिलं. दोन महिन्यांनी खोकं आलं.
आत हात, पाच बोटं, नखंसुद्धा,
आणि रंग शिसवाचा.
कारकून म्हणाला, अदलाबदल झाली असणार,
चिठ्ठी लिहितो, तोवर सवय तर करा.

मॅडम थोटकावर एक ब्रश फिरवायच्या,
त्या हातावर दुसरा,
एकाच वेळी, एकाच चालीनं.
डोळे हलवू नका, नोडी, तिकडंच नोडी.
पहिले दोन दिवस मला हसू येत होतं.
तिसऱ्या दिवशी नसलेली बोटं
आत शिरली,
अंधारात पाय आपसूक चपलेत जावा तशी.
करंगळीला गुदगुली झाली.
माझ्या. त्या काळ्या करंगळीला.

त्याच आठवड्यात शहापूरच्या सिटी बसमध्ये,
दाटी, घाम, कुणाचं तरी टोपलं पोटात,
वरच्या दांडीवर एक काळा हात दिसला
अगदी तोंडाजवळ,
आणि माझ्या डाव्यानं चट्कन पाकीट दाबलं.

मग पट्टा दिसला. मनगटावरचं बक्कल.
मी माझ्यापासूनच पाकीट सांभाळत होतो.

घरी बोललो नाही.
थोरलीच्या बायोडाटात 'सावळी' खोडून
'गव्हाळ' मीच लिहिलं होतं, गेलेल्या हातानं.
अक्षर अजून तेच आहे तिथं, सुरेख.

चिठ्ठीचं उत्तर आलं. खानापूरला बोलावलं.
बाकावर बस्त्याव बसला होता, आरा मशीनवरचा.
(तोच नव्हे. मी नीट बघितलं. की
तोही चेहरा मी कधी बघितलाच नव्हता?)
कोपरापर्यंत शिसव, पुढं माझा हात,
पिठूळ, गुलाबी नखांचा.
पोरं हसत्यात, म्हणाला, पांढरा पाय असतोय की नाही
एकेका काळ्या बैलाला, तसं म्हणत्यात.
मग थोडं थांबून:
पण दुकानकारानं सुटे पैसे हातावर ठेवले बघा.
पयल्यांदाच. एरवी बरणीवर ठेवतोय.
मी विचारलं, मग?
मग काय. रबराचा तळवा.
कळलंच नाही मला.

आम्ही पट्टे सोडले. एकमेकांचे.
एका हाताचे दोन पुरुष, बक्कल निघेना,
त्यानं माझं धरलं, मी त्याचं.
काळा हात त्याला देताना
करंगळीत काहीतरी तुटलं,
हे कुठल्या डॉक्टरला सांगायचं?

परतीच्या बसमध्ये नव्या गोऱ्या हातात पिशवी अडकवली.
शेजारी कोण बसलं ते सांगत नाही.
पिशवी हलली नाही, एवढं खरं.
पण त्याचं श्रेय घ्यावं की नको, कळेना.
हा हात अजून माझा झालेला नाही,
त्याला माझ्या सवयी माहीत नाहीत.

डावा
तेवढा वेळ
मी मांडीखाली दाबून ठेवला होता.