न हलणारा देठ

झाओतोंगच्या डोंगरात, ओकच्या कुजक्या ओंडक्यांखाली
एक कंद वाढतो. थिएनमा.
ना पान, ना मूळ, हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.
बुरशी आणून देईल ते खातो
आणि उन्हाळ्यात एकदाच वर येतो, तांबूस बाणासारखा.
लोक म्हणतात, वारा सुटला तरी तो देठ हलत नाही,
म्हणून ज्याचं डोकं फिरतं त्याला द्यावा.

हा पुरावा नव्हे,
असं मी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

एकशे अठरा माणसं.
निम्म्यांना कंदाची पूड, निम्म्यांना मक्याचं पीठ,
कॅप्सुली सारख्याच तपकिरी.
कुणाला काय मिळालं त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.

क्रमांक एकाहत्तर: क्वो श्वेचन, वय त्रेसष्ट,
जन्मभर थिएनमाच खणत आलेल्या.
मान वळवली की घर फिरतं, म्हणाल्या,
चूल कुठं, दार कुठं, आणि मी कुठली, काही कळत नाही.
फॉर्मवर शून्य ते चार एवढीच जागा होती.
मी तीनवर खूण केली.
चौथ्या आठवड्यात एक.
आठव्यात शून्य.

रिकामी बाटली परत देताना म्हणाल्या,
"पोरी, यात थिएनमा नव्हता."
माझं पेन थांबलं.
"वाफवलेल्या कंदाला घोड्याच्या मुताचा वास येतो.
नवऱ्याच्या सदऱ्याला होता, तो गेल्यावर उशीला होता.
पहिल्याच दिवशी एक फोडून हुंगली मी."
मग बरं कशानं वाटलं?
"तू तीन तास बसनं यायचीस.
दर मंगळवारी विचारायचीस.
नाही म्हणायची लाज वाटू लागली."

एवढं बोलून टोपली उचलायला वाकल्या,
आणि उठताना चौकटीला हात टेकवून
थांबल्या जरा.
जरा म्हणजे किती, ते मी मोजलं नाही.

अहवालात शून्य शून्यच राहिला.
शेवटी मी लिहिलं: फरक थोडा, खात्री कमी.
ते एकच वाक्य लिहायला पावणेदोन वर्षं लागली.

त्या दिवशी जाताना त्यांनी कागदात बांधून
चार सुके काप दिले होते, आईसाठी, कोंबडीबरोबर शिजव म्हणून.
परतीच्या घाटात बस वळणं घेत होती,
अकराव्या वळणावर माझंच डोकं गरगरलं.
कुणी बघत नाहीसं पाहून पुडी सोडली,
नाकाशी धरली.
शी!
पुढची वळणं कधी गेली, कळलं नाही.

माणूस एक. तुलनेला कुणी नाही.
तारीख तेवढी वहीत लिहून ठेवली आहे.