अठरावं मिनिट

मे महिन्यात पाचपावलीतले माग
अकरा वाजताच थांबतात.
इथे आत मात्र कायम अठरा अंश,
यंत्रांना घाम येऊ नये म्हणून.
नत्थूजी पराते टेबलावर कुडकुडत म्हणाले,
"कूलर बंद करा ना जी कोणी."

त्यांच्या डाव्या डोळ्यामागे, हाडाच्या खोबणीत,
रक्तवाहिनीला फुगा आला आहे,
लहान लिंबाएवढा.
पापणी दिवाळीत मिटली ती मिटलीच.
बोटाने उघडून धरली तर
एका धाग्याचे दोन दिसतात.
विणकराला घरी बसवायला तेवढं पुरतं.

फुगा काढता येत नाही.
वाट बंद करता येते.

पण आधी विचारावं लागतं
ही वाट नसली तर भागेल का?
मेंदूच्या बुडाशी एक कडं असतं,
उजवीकडचं रक्त त्यातून डावीकडे येऊ शकतं.
सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं,
आणि हे जन्मभर कोणाला कळत नाही.
म्हणून मांडीतून नळी, तिच्या टोकाला
वाटाण्याएवढा दुसरा फुगा, आपला.
तो गळ्यापर्यंत चढवायचा, फुगवायचा,
आणि माणसाला तीस मिनिटं
बोलतं ठेवायचं.

बोलतं ठेवणं हे माझं काम.
पगाराच्या कागदावर त्याला वेगळं नाव आहे.

"उजवा हात दाबा. अजून. सोडा."
"हे चित्र कशाचं?"
"छत्रीचं."
"हे?"
"कुलूप. याची चाबी कोणापाशी आहे?"
"आज वार कोणता?"
"तुम्हालेच माहीत नाही काय, सिस्टर?"

बाराव्या मिनिटाला उमरेडकर सर म्हणाले,
प्रेशर थोडं खाली आणा.
ठिबक बदललं. नत्थूजींना सांगितलं नाही.

अठराव्या मिनिटाला मी घड्याळाचं चित्र धरलं.
उत्तर नाही.
"नत्थूजी, हे काय?"
उघडा डोळा छताकडे. ओठ घट्ट.
माझ्या हातात त्यांचा उजवा हात
धुतलेल्या भांड्यासारखा गार.
डाव्या हाताचा अंगठा
बोटांच्या पेरांवरून फिरत होता,
पण तो चादरीखाली.

"सर," मी एवढंच म्हणाले.

फुगा रिकामा झाला.
आठजण श्वास धरून, आणि मॉनिटरची टिकटिक.
मग टेबलावरून आवाज आला, चिडका,
"काहून सोडलं जी?
मोजून राहिलो होतो मी.
करवतकाठीचे दात, माझ्या मायच्या लुगड्याचे.
मोजताना बोललं का चुकते."

कोणी हसलं नाही.
सर स्टुलावर बसले. मी त्यांना
टेबलाशी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा शून्यापासून.
या खेपेला मी म्हटलं, मोठ्यानं मोजा.
ते मोजत गेले. तीस मिनिटं
खोलीत फक्त दात होते,
एक वर, एक खाली,
आणि एकही चुकला नाही.

मग कायमचं बंद करणं.
प्लॅटिनमची तार, आत गेली की
आपोआप वेटोळं घालते.
एकावर एक, गुंता मुद्दाम केलेला.
नत्थूजींनी विचारलं, कितवा नंबर आहे सुताचा?
ऐंशी? शंभर?
सरांनी जरा विचार केला. म्हणाले, केसाहून बारीक.
"केसाले नंबर नसते," नत्थूजी म्हणाले,
आणि तो विषय त्यांच्याकडून संपला.

चौदाव्या तारेनंतर पडद्यावर काळी रेघ
गळ्यापर्यंत आली,
थबकली,
वर गेली नाही.

संध्याकाळी वॉर्डात कौतिकाबाईंनी
नवऱ्याच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली.
"सुरू आहे ना हे! बंद केली म्हणता?"
मी सांगितलं, ती दुसरी फांदी,
चेहऱ्याकडे जाणारी. ती राहू दिली आहे.
त्यांनी बोटं काढली नाहीत.

"पापणी कधी उघडीन?"
"महिने लागतील. कदाचित थोडीच उघडेल."
"नाही, म्हणजे
दिवाळीपासून अर्धं लुगडं मागावर तसंच आहे.
ताणा उंदरं कुरतडून राहिले.
त्यायले काय सांगू?"