दोन आणि तीनच्या मधे

व्होलोसच्या धक्क्यावर सकाळी
पळणारे थांबतात, धापा टाकत फुल्या मारतात:
उत्साही, चार. ताजंतवानं, चार.
घाम पडून शाई फुटते.

थ्रासिवुलोस बाकावरून हलत नाही.
तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली; आता कॉफी.

'कोपोस'वर त्याचं बोट अडतं.
तीन महिने भांडून निवडलेला शब्द आमचा,
उलट भाषांतरातही टिकलेला.

"पोरी, यातला थकवा विचारतेस की कष्ट?
कष्ट होते तेव्हा
थकवा असा नव्हता."

मग दोन आणि तीनच्या मधे
कोऱ्या जागेत त्यानं फुली मारली, दाबून.

संगणक म्हणतो, रकाना रिकामा.
दोनशे सातवा कागद
मी वेगळा काढून ठेवलाय,
कपाच्या बुडाचा
तपकिरी गोल त्यावर.