गॅलनमागे मैल

धान्याच्या कोठारापाशी सकाळी सहाला
कागदी पेल्यांतून वाफ आणि वाद.
अर्व्हिड टॉरगर्सन म्हणतो, माझा वीस देतो.
लायल म्हणतो, वीस?
उतारावर, इंजिन बंद करून, देवाच्या कृपेने.
हशा.
बाहेर उणे बावीस. सहा पिकअप ओळीनं उभे,
गोठू नयेत म्हणून सगळ्यांची इंजिनं चालू.
या घटकेला प्रत्येकाचा
गॅलनमागे शून्य मैल देतोय,
ते मात्र कोणी काढत नाही.

उत्तर डकोटात ट्रकची कंपनी बदलणं
चर्च बदलण्याइतकं अवघड.
बापाचा जो, तोच लेकाचा.
लग्न ठरलं की बायका हळूच विचारतात,
मुलीकडचे कुठला चालवतात?

लायलनं एकदाच बदलला.
आठ सिलिंडर, गरम होणाऱ्या सीटा,
कागदोपत्री सगळ्यांत टिकाऊ.
भरवशाच्या म्हशीला टोणगा:
पहिल्याच कापणीत गिअरबॉक्स गेला,
मागे गव्हाचा ट्रेलर, पुढे रेल्वेचं फाटक,
आणि फाटकापलीकडे हात हलवणारा अर्व्हिड.
तेव्हापासून लायल आकड्यांवर रुसून आहे.

माझ्याकडे वही आहे.
डॅशबोर्डच्या खणात, टायरमधली हवा मोजायच्या नळीखाली,
डिझेलचा वास लागलेली.
रोआल्डचं अक्षर, सुतारी पेन्सिलीचं, जाड.
तारीख, मैल, गॅलन, आणि भागाकार
दोन दशांशस्थळांपर्यंत, जणू वर जाऊन हिशेब द्यायचाय.

बारा पूर्णांक चाळीस.
दहा पूर्णांक दहा (गवताचे गठ्ठे, समोरून वारा).
अकरा (आठ वासरं, एक सारखं लाथा मारत होतं).
पाण्याचा पंप गेला, एक लाख बारा हजारांवर.
त्यापुढे बारीक अक्षरात: वेळेवर गेला, तक्रार नाही.
माझ्याबद्दल त्यानं कधी इतकं लिहिलं नाही.

मग फेब्रुवारी ते मे. अक्षर माझं.
एकोणीस. साडेएकोणीस. एकोणीस ऐंशी.
या ट्रकनं त्याआधी किंवा नंतर
एवढं कधीच दिलं नाही.
मागचा हौदा रिकामा,
बिस्मार्कपर्यंत एकशे चाळीस मैल सरळ रस्ता,
आणि मी पंचावन्नच्या वर जात नव्हते,
कारण सांध्यावरून चाक गेलं की
त्याच्या हाडांना कळायचं.
तो शेजारी, मांडीवर वही,
भागाकार अजून तोंडी करायचा.
एकदा म्हणाला, बघ सिग्ने,
आपण जन्मभर चुकीचं चालवत होतो.

एकदाही बंद पडला नाही.
बर्फात नाही, गारठ्यात नाही.
पहाटे चारला किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू,
आज्ञाधारक, अगदी निर्लज्जपणे.
एखाद्या दिवशी पडायला हवा होता.
शेवटच्या दिवशी तरी.
अंगणातच अडकलो असतो, मी बॉनेट उघडून उभी,
तो खिडकीतून सूचना देत,
सगळ्या चुकीच्या.

परतीची नोंद आहे:
वीस मे. चौदा पूर्णांक तीस.
वारा नव्हता. ओझं नव्हतं.

अर्व्हिडचा नातू विचारतो, विकायचा का?
दोन लाख साठ हजार झालेत, मी सांगते.
म्हणजे अजून तरुण आहे, तो म्हणतो.
गोड पोरगा. दाढी नीट उगवत नाही अजून.

तुझा किती देतो गं, सिग्ने?
लायल विचारतो, पेला चुरगाळत.
बारा, मी म्हणते. कधी तेरा.
बाराच? अर्व्हिडला बरं वाटतं.
मग समजूत घालतो:
तुमच्याकडे वारा फार.

हो, मी म्हणते,
आमच्याकडे वारा असतो.