पोटातलं पाणी

सहाशे चाळीस काप.
लिंबराज कांदे, वय एकसष्ट, तालुका औसा,
माझ्याकडे येतात ते असे,
राखाडी, पातळ, एकावर एक.
मी रंगवते.
धमन्या लाल, शिरा निळ्या, पित्ताच्या नळ्या हिरव्या,
गाठ पिवळी,
कारण पिवळा तेवढाच उरला होता.
दुसऱ्या रात्री लातूरची लाईट गेली,
अर्धं यकृत पुन्हा रंगवलं.

सकाळी बिडवे मॅडम डोळ्यांवर तो डबा बांधतात
आणि रिकाम्या खोलीत वाकतात,
ठेंगण्या दारातून आत शिरावं तशा.
हवेत हात, हवेत चिमटा.
यकृत फिरवतात, बाजूला सारतात.
"इथून गेलं तर मधली शीर वाचते,"
हे त्या भिंतीला सांगतात.
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

सहीसाठी बोलावलेले कांदे दारात उभे.
"काय बघलालाव मॅडम?"
"तुमचं पोट."
"मी तर हितं हाय."

मग मॅडमनी जे केलं ते नियमात बसत नाही.
डबा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. पट्टा मी आवळला.
बराच वेळ ते गप्प.
मग उजवा हात उठला,
तळवा वर, बोटं किंचित मिटलेली,
जसा त्यावर नारळ आडवा ठेवलाय.
तेव्हा कळलं, हे पाणाडे.
चाळीस वर्षं, औसा, निलंगा, पार उमरग्यापर्यंत.
नारळ उभा राहिला की चुन्याची फुली,
मग मशीन.

चालता चालता टेबलाला ठेचकाळले.
मी कोपर धरलं.
"ह्यो निळा झरा कुठं जातो?"
"वर, हृदयाकडे."
"आन् ही पिवळी ढेकूळ त्याला टेकलीय."
"नाही, थोडी फट आहे," मी म्हणाले. माझंच चित्र.
"टेकलीय."

मॅडम हसल्या नाहीत.
तुमचे किती अंदाज चुकले, एवढंच विचारलं.
"कोरड्या बोअरी कुणी मोजत न्हाई मॅडम.
पाणी लागलं तर माझं नाव,
फुफाटा निघाला तर ज्याचं त्याचं नशीब.
तुमच्यात बी तसंच आसंल."
खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

ऑपरेशनला नेताना
त्यांच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही, असं सिस्टर सांगत होती.
मला ते पटत नाही.
डब्याच्या फोमवरचा घाम मी पुसला होता,
कपाळाएवढा ओला, दोन बोळे लागले.

माझ्या चित्रात शीर आणि गाठीमध्ये
तांदळाएवढी फट होती.
आत ती नव्हती.
चित्र श्वास घेत नाही, चित्राला रक्त येत नाही,
हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलंय.
तरी.
मॅडमनी टेबलावरच रेघ बदलली.
सात तास. रक्ताच्या चार पिशव्या.
सतराव्या दिवशी कांदे घरी गेले,
जाताना विचारलं,
"ते माझं पोट आजून त्या डब्यात हाय का?"

आहे.
डिस्क भरली की जुने पेशंट पुसावे लागतात,
त्यांना मी पुढच्या आठवड्यावर ढकलते.
आणि एक वही केलीय, शंभर पानी.
पहिली नोंद: कांदे, मधली शीर,
फट दाखवली, नव्हती.

मॅडमनी ती उभ्या उभ्या वाचली.
माझं पेन मागितलं
आणि खाली त्यांची एक लिहिली,
नऊ वर्षांपूर्वीची, अंबाजोगाईतली.
तारीख त्यांना आठवावी लागली नाही.