दुसरी वेलांटी

सहावी ब. पट चौतीस, प्रत एक.
रद्दीवाल्याकडून वीस रुपयांत आणलेली.
आतल्या पानावर जांभळ्या शाईत:
कु. वासंती आगाशे, वक्तृत्व, द्वितीय क्रमांक.
‘तरीवरची गोदू’.
पेठांमधल्या घरांत जिची पारायणं झाली
ती गोदू आमच्या डायस प्लॉटात पोचली
चाळीस वर्षं उशिरा,
कव्हर नसलेली.

शिवण उसवून मी तिचे अकरा तुकडे केले.
हेडमास्तर दारात. “पुस्तक फाडताय, बाई?”
म्हटलं, वाढतेय.
भाकरी नाही का मोडत आपण.

एका तुकड्यावर तीन डोकी.
अकरा त्रिक तेहतीस.
तिसरा ज्यांच्याकडे त्यांना पहिल्यातलं ठाऊक नाही,
मग मधल्या सुट्टीत
भाजीआधी गोष्टीची अदलाबदल.
“तुमच्यात कुत्रा मेला का?”
“नाय. भिजलाय नुसता.”
कर्ता, कर्म, क्रियापद
त्या आठवड्यात वेगळं शिकवलं नाही.
कुणी ढकललं, कुणाला, कुठून,
भांडणातच आलं सगळं.

चौतिसावा हणमंत धोत्रे.
बाप मार्केट यार्डात हमाल.
पोरगं पोत्यांवरच्या खुणा लांबून सांगायचं,
हिरवा गोल कुठल्या गाळ्याचा, लाल त्रिशूळ कुठल्या.
पण वाक्य समोर आलं की मान खाली.
“लई अक्षरं हायेत, बाई.”
खोटं नव्हतं. दोनशे आठ पानं.

एकदा मी मुद्दाम केलं.
मोठ्यानं वाचत होते,
गोदूनं तरीचा दोर सोडला आणि
तिथंच थांबले.
घंटेला अजून चार मिनिटं होती.
टाचणवही उघडून बसले, जणू तीच महत्त्वाची.
तेहतीस जण ओरडले.
हणमंत ओरडला नाही.

सकाळी सातवा तुकडा टेबलावर, होता तिथंच.
फक्त आत एक खूण:
कांद्याचं साल, कोरडं, गुलाबी,
मी थांबले त्याच्या नऊ पानं पुढं.
वर्ग झाडायची पाळी कुणाची होती
तेवढं पाहून घेतलं. बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी साल चार पानं सरकलं.
शनिवारी जेमतेम दीड.
तिथं जोडाक्षरं फार आहेत,
नावाड्याच्या बायकोचं नाव ज्योत्स्ना,
मीही अडखळते तिच्यापाशी.

मग गोदूला पत्र लिहा म्हटलं.
बाकीच्यांनी तारीख, मायना, सप्रेम नमस्कार
फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलं.
हणमंतानं लिहिलं आडत्याच्या पट्टीमागं.
पुढच्या बाजूला बारा गोण्या, तोलाई, हमाली, कटती,
मागं निळ्या पेनानं:

गोदू तू दोर सोडाया नको होता
कुत्र्याला पवता येतं तुला नाही
आमच्या हितं पण नदि आहे
इकडून आलीस तर हाक मार

लाल पेन उचललं.
‘पवता’ राहू दे. ‘हितं’ राहू दे.
नदीपाशी अडले.
“हणमंता, नदीला कुठली वेलांटी?”
“दुसरी.”
“मग?”
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
भिंतीपलीकडं कालवा. एक पाईप, दोन टायर,
घोट्याएवढं पाणी.
“हिला पहिलीच पुरते, बाई.”

पेनाला टोपण लावलं.
तपासणीला येतील ते विचारतीलच
दुरुस्ती का नाही म्हणून.
सांगेन काहीतरी.
नववा तुकडा त्याच्या दप्तरात आहे सध्या,
कांद्याच्या वासाचा.
दहाव्यात गोदू समुद्राला लागते.
तिथवर पोचू दे त्याला,
मग काढू विषय
दुसऱ्या वेलांटीचा.